दोन्ही फोन तसे चांगलेच

…नाही, पण मी म्हणतो, दोन्ही चांगले होते तर मग सकाळपासून भांडत कशाला होतात? तुम्हीच सांगा! म्हणजे एक माणूस, सेवानिवृत्त, निरुपद्रवी, जन्मभर कारकुनी केलेला, तो फोन घ्यायला निघतो. बंगला नाही, जमीन नाही, फोन! आणि कोणता घ्यावा म्हणून घरच्या-दारच्या तीन जाणत्यांना विचारतो, तर ते तिघे एकमेकांच्या अंगावर असे धावून जातात की मला वाटलं, आता मध्ये पडून कुणाची तरी कॉलर सोडवावी लागणार… आणि शेवटी दमले, घसे बसले, चहा संपला, की खुर्चीत मागे रेलून म्हणतात काय? 'तसे दोन्ही चांगलेच आहेत म्हणा!'

अरे!

तुम्हाला सांगतो, माझा जुना फोन बिघडलेला नाही. ही गोष्ट आधी नोंदवून ठेवा. वाजतो, बोलतो, हाक मारली की जागा होतो. कोपऱ्यात काचेला एक तडा आहे, पण तसा तडा माझ्या गुडघ्यातही आहे, म्हणून मला कुणी काउंटरवर ठेवून बदलून आणलं नाही! त्याचा गुन्हा एवढाच, की त्याची सिस्टिम जुनी झाली. एक दिवस बँकेचं ॲप उघडलं तर आत पाटी: या फोनवर यापुढे सेवा मिळणार नाही. मग निरोपांचं ॲप म्हणालं, पुढच्या महिन्यापासून मीही नाही. काही चुकलं नाही, कुणाची तक्रार नाही, फक्त नियम! माझ्या डोळ्यांपुढे माझाच कचेरीतला शेवटचा दिवस उभा राहिला. साहेब अगदी ह्याच आवाजात म्हणाले होते, 'काम उत्तम करता हो तुम्ही, पण नियमच तसा आहे.' आणि टेबलाच्या किल्ल्या काढून घेतल्या. मला निदान गुच्छ तरी मिळाला होता.

तर नवा घ्यायचा. ठरलं. आमचे चिरंजीव समोरच्या खुर्चीत, अँड्रॉइडवाले. आमची कन्या असते लांब, ती आयफोनवाली, ती चिरंजीवाच्या फोनमधून बोलत होती, साखरेच्या बरणीला टेकवून ठेवली होती तिला. म्हणजे बाई अँड्रॉइडची निंदा अँड्रॉइडच्याच तोंडातून करत होती, आणि तो बिचारा एकही शब्द न गाळता पोचवत होता! तिसरे आमचे हेडक्लार्क. हेही निवृत्तच, पण अजून हेडक्लार्क. कुणाच्याही घरात पायरी चढताना खोकून येतात, आत कुणी काम टाळत बसलं असेल तर सावध व्हावं म्हणून.

कन्या म्हणाली, 'बाबा, डोळे मिटून आयफोन घ्या. त्यात काही बिघडतच नाही.'

चिरंजीव म्हणाले, 'कारण त्यात काही करताच येत नाही! रिंगटोन बदलायची तर अर्ज करावा लागतो बाबा!'

'दादा, तुझ्या फोनवर मघापासून तीन जाहिराती आल्या. मला इथून दिसतायत.'

'निदान माझा फोन माझं ऐकतो!'

'कुणीतरी ऐकायला हवंच ना रे तुझं.'

मी ऐकत होतो. आणि मला काय वाटलं सांगू? दोघंही खरंच सांगत होती! ज्या टेबलावर कुणाला काही करू देत नाहीत, तिथे काही बिघडत नाही, हे मी नोकरीभर पाहिलंय. आयफोन म्हणजे आमचे पहिले साहेब. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात, टाचणी हवी तर उभं राहून मागायची, पण कागद हरवला असं कधी झालं नाही. अँड्रॉइड म्हणजे दुसरे साहेब. कपाटं सताड उघडी, ज्याला जे हवं ते घ्या, एकच अर्ज करायच्या चार रीती आणि चारही बरोबर… आणि संध्याकाळी साहेबांचा स्वतःचाच चष्मा सापडत नाही! आता ह्यातला चांगला कोण? दोघांच्याही निरोपसमारंभात मीच भाषण केलं होतं. दोन्ही वेळा रडलो होतो.

तेवढ्यात हेडक्लार्क खोकले. 'तिसरं दरपत्रक कुठाय?'

म्हटलं, 'कसलं तिसरं?'

'रीतसर खरेदीला तीन दरपत्रकं लागतात! दोनावर निवड केलीत तर उद्या कुणीही बोट ठेवेल.'

'अहो साहेब, जगात सिस्टिमा दोनच उरल्यात!'

'ते त्यांचं झालं,' म्हणाले, आणि कपातला तळाचा घोट घेतला. 'तसे दोन्ही चांगलेच आहेत म्हणा.'

घ्या!

मग चिरंजीवाने एकदम शहाण्यासारखा प्रश्न केला, आणि तिथे माझी पंचाईत झाली. म्हणाला, 'बाबा, ते राहू दे. तुम्हाला फोनमध्ये नक्की काय हवंय?'

सगळे माझ्याकडे वळले. बरणीला टेकलेलीसुद्धा.

मी म्हटलं, 'कॅमेरा.'

कॅमेरा! जन्मात दोन फोटो काढलेत मी, दोन्ही माझ्याच अंगठ्याचे. पण सांगायचं काय? खरं सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना कॅमेऱ्यावर भांडायला लावून दिलं आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

तुम्हाला सांगतो. तुम्ही परके आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

हा जुना फोन माझा नाही. आमच्या हिचा. माझा बटणांचा होता, मला तेवढा पुरे होता. हा मुलांनी तिला घेऊन दिलेला. मी कचेरीत, मग निवृत्तीनंतर वाचनालयात, आणि ही घरून निरोप धाडणार. दिवसभर! गेल्या वर्षी ती गेली. चष्मा कपाटात गेला, चपला सूनबाईने नजरेआड केल्या, आणि फोन माझ्याकडे आला, कारण चालू होता. चालू वस्तू टाकायची नाही, हे तिचंच.

आता ह्या फोनची एक खोड आहे. तुमच्याही फोनला असेल. एक शब्द लिहिला की पुढचे तीन तो स्वतःच खाली मांडतो, आपण नेहमी काय लिहितो ते बघून. हवा तो टिचकीने उचलायचा. पण ह्याच्यावर नेहमी लिहिणारी कोण? ती! मी पहिल्यांदा मुलीला लिहायला बसलो, 'आज' एवढं लिहिलं, तर हा पुढे करतो 'उशीर', त्यावर बोट लागलं तर 'करू', मग 'नका'. आज उशीर करू नका! मी भर दुपारी घरात बसलेलो, आणि उठून पायात चपला घातल्या.

मग एकदा धीर करून लिहिलं, 'अहो'. आता मी जन्मात कुणाला एकट्याने अहो लिहिलंय का? अहो हे मला लिहायचं असतं, मी नाही लिहायचं! लिहिलं, आणि मधला शब्द उचलत गेलो. अहो… औषध… घेतलंत… का… तसेच… बसून… राहू… नका. कधी नुसतीच सरमिसळ यायची. अहो येताना दूध छत्री दिवा बंद केलात का हो… पण खरं सांगा, संसार करणारी बाई पूर्ण वाक्य बोलते कधी? तिचं बोलणं असंच होतं. एका वाक्यात तीन कामं आणि शेवटी 'का हो'.

तर मला फोनमध्ये हे हवं होतं. आता हे कुठल्या सिस्टिमच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, सांगा? आणि मुलांना सांगितलं असतं तर चिरंजीवाने सूनबाईकडे पाहिलं असतं, सूनबाईने चिरंजीवाकडे, आणि दोघांनी मला हळूच डॉक्टरकडे नेलं असतं.

वळून पाहतो तर कॅमेऱ्याचा निकाल लागला होता. काय? तसे दोन्हींचे चांगलेच आहेत म्हणा!

मग मी एकटाच दुकानात गेलो. काचेचं लांबलचक काउंटर, आत फोन पालथे घातलेले, आणि दुकानदार कपाळावर चष्मा चढवून उभा.

'या काका. आयफोन दाखवू का अँड्रॉइड?'

म्हटलं, 'आधी सांगा, शब्द येतात का?'

'मराठी ना? दोन्हींत येतं की!'

'मराठी नाही हो. शब्द. जुन्या फोनला पुढचे शब्द सुचतात ना, ते नव्याला सुचतील का?'

'शिकतो काका तो! आठवड्याभरात तुमची सवय ओळखेल.'

'माझी नको. आधीच्या माणसाची.'

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. 'म्हणजे हा सेकंडहँड घेतला होतात?'

मी म्हटलं, 'हो… तसंच म्हणा.'

'मग एवढंच ना! आणा इकडे, आधीच्या माणसाचं सगळं पुसून कोरा करून देतो!' आणि हात पुढे!

तुम्हाला सांगतो, गुडघा विसरून मी दोन पावलं मागे गेलो. फोन आतल्या खिशात. खिशावर हात.

त्याला काहीतरी कळलं असावं. हात मागे घेतला, आवाज उतरवला. म्हणाला, 'काका, आयफोनमध्ये ते यायचे नाहीत. ते घरच वेगळं. अँड्रॉइडमध्ये… तुमच्या जुन्याचीही सिस्टिम तीच आहे, तर येतीलही. खात्री देत नाही.'

येतीलही! 'होईलही' ह्या एका शब्दावर माणसं खिडकीपुढे रांगेत उभी राहतात, हे मी नोकरीभर आतून पाहिलं होतं. त्या दिवशी बाहेरून पाहिलं. घेतला अँड्रॉइड.

घरी काय? चिरंजीवाने माझा हात हातात घेऊन हलवला, जणू मी निवडून आलो होतो. आणि कन्येचा फोन, 'दादाचंच ऐकलंत ना शेवटी! लहानपणापासून असंच!' आता हिला काय सांगू, की बाई, मी तुझ्या आईचं ऐकलं? ते तर लहानपणापासून नव्हे, लग्नापासूनचं आहे.

चिरंजीवाने दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, मधे एक रेघ सरकायला लागली, सरकली, पोचली. 'आलं बाबा! सगळं आलं!'

सगळं म्हणजे काय? नंबर आले, त्यात चार गेलेल्या माणसांचेही आले. फोटो आले, माझ्या अंगठ्यासकट. मी नवा फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं, आणि लिहिलं, 'अहो'.

खाली तीन शब्द आले. 'आहे', 'मी', 'आणि'.

अनोळखी माणसाने दारात उभं राहून ओळखीचं हसावं ना, तसे.

बरं, म्हटलं, शिकतो ना हा? मग शिकवू! जुन्यात बघायचं, नव्यात उतरवायचं. नक्कल करण्यात माझा हात धरणारा आख्ख्या कचेरीत कुणी नव्हता. बसलो. 'अहो' लिहिलं… आणि पुढे बोट चालेना. का? सांगतो. साहेब रजेवर असले की त्यांच्या नावापुढे 'करिता' लिहायचं आणि खाली सही करायची, पण आपली! साहेबांची सही आपण करायची नाही, अगदी जमत असली तरी नाही. आणि मी काय करत होतो? तिच्या सहीने स्वतःलाच विचारत होतो, औषध घेतलंत का? नाही जमलं. पुसलं.

पण समोर जुना फोन उघडा होता. त्यावर ते, अहो औषध घेतलंत का. आणि कारकुनाची जात मोठी वाईट हो! आलेला कागद उत्तराशिवाय पडू द्यायचा नाही. आवक झाली की जावक गेलीच पाहिजे. मी नवा उचलला आणि लिहिलं, 'हो, घेतलं.'

तेव्हापासून हेच. दुपारची जेवणं झाली, घर निजलं, की डाव्या हातात जुना, उजव्यात नवा. हा म्हणतो, येताना दूध. मी ह्यात लिहितो, हो, आणतो. हा म्हणतो, दिवा बंद केलात का. हो, केला. हा म्हणतो, तसेच बसून राहू नका. हो. आलोच.

परवा कन्येचा निरोप आला, 'बाबा, जेवलात का?' मी नव्यावर 'हो' लिहिलं, आणि बोटाच्या सवयीने मधला शब्द उचलत गेलो, न बघता, आणि पाठवलंही. गेलं काय? 'हो घेतलं आणतो केला आलोच.'

मिनिटात फोन. 'बाबा! काय घेतलं? कुठे आलात? तब्येत बरी आहे ना? म्हणून मी सांगत होते, आयफोन घ्या!'

दुकानदार खोटं बोलला नव्हता. शिकला की हो! आठवड्याभरात माझी सवय ओळखली त्याने. फक्त माझी. जुन्याला नुसतं विचारता येतं, नव्याला नुसती उत्तरं येतात. एकाला बँक उघडत नाही, दुसऱ्याला 'अहो' उघडत नाही. एकही एकटा कामाचा नाही.

आज सकाळी हेडक्लार्क आले. खोकले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन पाहिले, चष्मा पुसला, परत पाहिले.

'जुना अजून काढला नाहीत? दोन-दोन कशाला? एक काय तो ठरवा. ह्यातला चांगला कोणता, ते तरी कळलं का वापरून?'

मी दोन्हींकडे पाहिलं. आणि खुर्चीत मागे रेललो…

म्हटलं, 'तसे दोन्ही चांगलेच आहेत म्हणा.'