मांडवावरची वाफ

(संध्या अमरावतीच्या ऑफिसात, तिचा मामा देवीदास, फिटर, अकोल्याच्या तेल कारखान्यात. फोनवर.)

संध्या : थांबा मामा, पुन्हा सांगा. कोणत्या सपोर्टला वेल्डिंग मारलं?

देवीदास : साऱ्याइले. टेस्टिंगच्या दिवशी पाइप सरकून राहिला होता ना. मॅनेजर म्हने, देवीदास, कच्चं काम दिसते. मंग बसवले पक्के. आता हत्ती आला तरी हालत नाई!

संध्या : अहो, हलायलाच पाहिजे तो! नकाशात मी मधला एकच सपोर्ट पक्का दाखवला, बाकीचे सुटे. बजावलं होतं तुम्हाला.

देवीदास : बजावलं होतं. पन शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्याइत जिंदगी गेली मायी लाइनी टाकन्यात. ढिल्ला पाइप आज ना उद्या फुटतेच, पोरी.

संध्या : ते थंड पाणी होतं! ही वाफ आहे. तापली की एवढी लांब लाइन चार बोटं वाढते. सरकायला जागा नसली की सगळा जोर शेवटच्या वळणावर. वाफ सोडली तर नाही ना अजून?

देवीदास : सोडली ना. पूजा झाली, नारय म्याच फोडला.

संध्या : अरे देवा! बंद करायला सांगा. हळूहळू, एकदम नाही.

देवीदास : बॉयलरवर पुंजाजी हाये. बँडच्या गोंगाटात फोन ऐकू नाई जात त्याले. संध्या, तू खरंच भेलीस काय वं?

संध्या : खूप भ्याले मामा. त्या वळणाखाली कोणी नाही ना?

देवीदास : मांडव हाये तिथं. सावली पाहून घातला. रोडग्याची पंगत बसली.

संध्या : उठवा पंगत.

देवीदास : शेठचे व्याही बसले हायेत. भरल्या ताटावरून मानसं उठवू? लोक थुकतीन माया तोंडावर.

संध्या : थुंकू द्या! मामी कुठे आहे?

देवीदास : …तिथंच. तूप वाढून राहिली.

संध्या : मामा, पळा!

देवीदास : पयतो, पयतो… ए! उठा! जेवन राहू द्या, उठा सारे! केशर, ते भांडं ठेव खाली, इकडं ये!… कोनी उठून नाई राहिलं वं. हासून राहिले माह्यावर.

संध्या : बँड थांबला. मग ही शिट्टी कसली?

देवीदास : बँडवाले वरतं पाहून राहिले, बाई.