रिकाम्या चरवीचा आवाज

अंतरा, वाचायला सुरुवात करण्याआधी डोक्यावर हात फिरव. चष्मा तिथंच आहे. हे लिहून घ्यायला पेठ वडगावला आलीस, तेव्हाही अर्धा तास माझ्या भांड्यांच्या मांडणीमागं शोधत होतीस. हेही वाच, गाळू नकोस.

अध्यक्षस्थानी बसलेले अंबादासराव, ज्यांच्या घराच्या तळमजल्यावर ही गेमची कंपनी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव आणि कंपनीचे मालक मोहितसाहेब. व्यासपीठावरचे पावणे आणि समोरची सगळी पोरं-पोरी, तुम्हा सर्वांना बायडाबाईचा जय भीम. गुडघ्यानं परवानगी दिली नाही, म्हणून नुसते शब्द पाठवलेत. अक्षरं मला येत नाहीत, ती हे वाचून दाखवणाऱ्या अंतराची. चुका निघाल्या तर दोघी वाटून घेऊ.

आज माझ्या नातीला, संघप्रियाला, तुम्ही निरोप देताय. तुमच्या कुस्तीच्या गेमला तिनं आवाज दिले म्हणून शाल पांघरताय, आणि सोमवारपासून तेच आवाज काढून तिथं व्हायोलिन बसवताय. म्हणजे सुनेच्या स्वयंपाकाचं कौतुक करायचं आणि ताट मागच्या दारी ओतायचं. शाल तेवढी बऱ्या कापडाची असू द्या.

लोकांचे अभिप्राय अंतरानं मला वाचून दाखवले. निम्मे म्हणतात, असलं कधी ऐकलं नव्हतं. निम्मे म्हणतात, कान दुखले. एकानं लिहिलंय, हे संगीत आहे की गोठा? बाबा, गोठाच हाय की. माझाच हाय. दुसऱ्याची मागणी, पैलवान पडला की ओरडणाऱ्या म्हातारीला बंद करा. ती मी. "ऊठ की, हंतरूण घातलंय व्हय तिथं?" आमच्या कारभाऱ्यांनी पन्नास वर्षं हीच मागणी लावून धरली होती. त्यांचीही मंजूर झाली नाही.

आता मुद्द्याचं. म्हशीची धार काढताना चरवी रिकामी असली की आवाज चिरका येतो, पत्र्यावर वाजल्यासारखा. दूध चढत गेलं की आवाज जाड होतो, फेसात बुडतो. चाळीस वर्षं मी चरवीत न बघता धार काढली. संघप्रियानं तेच गेममध्ये घातलं. पैलवानात दम असला की धार भरल्या चरवीत पडते. दम सरला की चरवी रिकामी वाजते. तुम्ही दमाचा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवलाय. मला तो मुंगीएवढा दिसतो, आणि मुंगीएवढाच कळतो.

मोहितसाहेब, दिवाळीत घरी आला होता, आठवतंय? तीन कुस्त्या खेळलात, तिन्ही माझ्याकडून हरलात. मग विचारलंत, "आज्जी, माझा पैलवान दमलाय हे तुम्हाला कळतंय कसं?" मी म्हटलं, "चरवी वाजाय लागली न्हवं तुझी." तेव्हा भाकरी मोडता मोडता तुम्ही संघप्रियाला म्हणालात, "ह्या आवाजाला कुणी हात लावायचा नाही." मग हात लावला कुणी?

व्हायोलिनशी माझं भांडण नाही. गोड वाजतं. पण पैलवान जिंकतोय तेव्हाही गोड, आणि चितपट व्हायला आलाय तेव्हाही गोड. त्यानं सावध व्हावं कधी?

नातीनं पुण्याची नोकरी धरली आहे. तिला थांबवा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, व्हायोलिनच्या शेजारी जुन्या आवाजाचं एक बटण ठेवा. ज्याला नको त्यानं दाबू नये. फोनमधला मला खेळता येतो असा हा एकच खेळ. पोरगी गेल्यावर संध्याकाळी घरात तिनं केलेला आवाज तरी असू दे.

शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. अंबादासराव, काही उणं-अधिक बोलले असेन तर पोटात घाला. त्यातलं थोडं मुद्दाम बोलले आहे, तेही घाला.

आणि जेवणाचं. केक पाठवू नका, टाळूला चिकटतो. बटण ठेवायचं ठरलं तर संघप्रियाबरोबर पांढरा रस्सा पाठवा, स्टीलच्या डब्यात, काठोकाठ. नाही ठरलं तर डबा रिकामाच पाठवा. सोबत चिठ्ठी नको. दारातच डब्यावर टिचकी मारली की मला कळेल.