चुन्याखालचा नंबर

— अमर आठवण? असं लिवलंय व्हय त्या दगडावर? मला वाचता येत न्हाय म्हनून इचारलं. अमर! लई भारी. काळा ग्रॅनाइट, सात रस्त्याच्या चौकातनं टेम्पोत घालून आनलासा, सवता पुन्यासनं आलासा, आन आईला जाऊन बारा वर्सं झाली — शुभदा टीचर न्हवं? वळखत हुते की. आजारी हुत्या तवा किती डाव आला हुतासा? जाऊ द्या, बजाबाईचं तोंडच वाईट. हिकडं बघा, त्यो पांढरा संगमरवर, कुना मोठ्या सायबाचा, सगळं इंग्रजीत लिवलंय म्हनं. दुपारच्याला शेळ्या बसत्यात त्यावर, पोटाला गार लागतंय म्हनून. ह्ये तुमचं अमर! ह्या उन्हात दगड उकलतोय, तितं मानसाचं काय घेऊन बसलाय?

बादलीला पाय लावू नका, चुना हाय. उद्या ईस्टर न्हवं का — पहाटंला मंडळी कबरस्तानात भक्तीला येनार, मेनबत्त्या लावनार, म्हनून आजच मारून ठेवायचा. सगळ्यांच्या कबरीस्नी? छ्या! मी काय नोकर हाय? माझी येकच, ही लिंबाखालची. आमच्या मालकाची. अकरा वर्सं मारतीया. लई गुनाचा हुता म्हनून न्हवं बरं का! जित्तेपनी रोज सांजला हुडकायला लागायचं, आज ह्या गुत्त्यावर, उद्या त्या. पोरीच्या लग्नातबी सापडला न्हाय. मेल्यावर म्हनलं, बरं झालं, आता तरी येका जाग्याला पडून ऱ्हाईल. शेवटाला माझा हात धरून रडला — बजा, मला क्षमा हाय का? मी काय म्हनलं ठाव हाय? म्हनलं, प्रभूकडं असंल, माज्याकडं न्हाय. रात सरायच्या आत गेला. मंग काय करायचं? दर सालाला चुना मारून झाला की वाकून हळूच सांगायचं — केली रं बाबा, केली क्षमा. कशाला सांगतीया मी तुमाला ह्ये?

आवो, आवो, खरडू नका तितं! वला चुना हाय! कसला नंबर? उशाच्या इटंवर? पाळकसायबांनी चर्चच्या वहीतनं कागदावर काढून दिलाय? मंग बघा की दुसरीकडं... किती? सत्तेचाळीस? आन कागदावर? — परत वाचा. डोळं नीट फाडून वाचा.

मंग सयाजी कुटं हाय माझा? लाकडाचा क्रूस हुता वो, वाळवीनं खाल्ला, तवापासनं लिंबावरनं खूण धरली हुती. मीच चुन्यावर चुना मारून नंबर बुजवला व्हय? म्हंजे अकरा वर्सं तुमची आई ऐकत बसली! मेल्यावरबी पत्ता लागू दिला न्हाय मेल्यानं.

कशाला रडताय? तुमाला आई गावली की. लावा तुमचा अमर. हितं लिंबाभवती बिननावाचं धा-बारा मातीचं ढीग हायत, त्यातच पडला असंल कुटंतरी. प्रभू त्याला नाव घेऊन हाक मारंल, त्याला कागूद लागत न्हाय. मी तर जल्मात कदी नाव घेतलं न्हाय नवऱ्याचं, आज तुमच्यापुढं पयल्यांदा तोंडात आलं.

द्या ती बादली हिकडं. सगळ्यांस्नी मारते, आन परत्येकाला वाकून सांगते. जावा तुमी आता, बाईमानसाचं बोलनं ऐकत उभं ऱ्हाऊ नका.