भर उन्हातली जेली

जेलीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आत्याचं ऐका. बाजारात जेलीची परदेशी पाकिटं नव्यानं यायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. नल्लकुंट्याच्या घरी मी जेली केली आणि कडक सोवळ्याच्या आत्यानं वाटी दूर सारली. "यात हाडं असतात म्हणे!"

"अगं, हे चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळाचं असतं. बेगम बाजारातून आणलंय."

"समुद्रात मासेही असतात," आत्या म्हणाली.

भिंतीपलीकडून शेजारच्या खाला बोलल्या, "धूप में रखको देखो, बाई. बकरे के पाये का जम्या सो शोरबा गर्मी में पिघलता. हड्डी का होंगा तो ये भी पिघलेंगा."

मे महिन्याची दुपार. गच्चीवर दोन वाट्या ठेवल्या, एक माझी आणि एक पाकिटातल्या जेलीची. पाकिटातलीचं बघता बघता सरबत झालं. फरशीवर पाय ठेववत नव्हता, पण माझी जेली जशीच्या तशी, टिचकी मारली की नुसती थरथरायची. आत्या डोक्यावर पदर घेऊन बघतच राहिली. "काय बाई हे गवत!" म्हणाली आणि उभ्या उभ्या वाटी संपवली.

पण खरी गंमत पुढेच. आत्यानं खालांच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. ईदला खाला झाकलेली वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या. "चायना ग्रास है, बाई. सुबह से छत पो रखको देखी मैं."

आत्यानं माझ्याकडे चमचा मागितला.