जपानी साहेबाचा पुरणपाव

अरे, पंच्याऐंशी सालची गोष्ट. साकीनाक्याला आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. त्याच्या वाढदिवसाला आम्ही क्रीमचा केक आणला. एक घास खाऊन त्याने बशी खाली ठेवली. आमची वाट लागली, कारण मशीन अजून सुरू व्हायचं होतं.

मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "फार गोड. आमच्याकडे गोऱ्यांचा पाव आला, तेव्हा आम्ही आत शिजवून वाटलेलं लाल कडधान्य भरलं. थोडंसंच गोड."

घरी बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे पुरणच ना? त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी तिने लाल चवळीचं, कमी गुळाचं पुरण पावात भरून दिलं. साहेबाने डोळे मिटून तीन पाव संपवले.

"तुमची बायको जपानमध्ये कुठे राहायची?"

मी म्हटलं, "जोगेश्वरीला."