डायच्या तोंडासमोर

माझं माहेर खुलताबादच्या डोंगराखालचं, आमची मेंढरं होती, काय सांगू तुम्हाला, उभा जन्म मेंढरांमागंच जाईल असं वाटायचं. लगीन झालं अन् वाळूजला आले. धाकला दीर भानुदास पाइपाच्या कंपनीत मशीनवर होता, त्यानंच मला तिथं झाडायला, पाइप उचलायला लावलं.

पहिल्या दिवशी मी नुसती बघतच राह्यले. वरून प्लास्टिकचे दाणे टाकायचे, आत लांब नळीत जाडजूड स्क्रू फिरतो, भवतीनं हीटर, दाणे वितळून पिठल्यावानी व्हत्यात अन् स्क्रू त्यांना पुढं रेटतो. तोंडाला लोखंडाचा साचा, त्याला डाय म्हणत्यात. आपण सोऱ्यातून शेव पाडतो ना, व्हय, तसंच, जसं भोक तसा आकार. मग पाण्याच्या हौदातून गेला की पाइप कडक. भानुदास सांगायचा, वैनी, डायसमोर उभं राहत जाऊ नका, आतला जोर दिसत नाय.

अन् त्या दिवशी मी तिथंच झाडत होते. लाइट गेलती, आतलं प्लास्टिक थिजलं होतं. लाइट आली. भानुदास म्हणला डाय नीट तापू द्या, माल मऊ झाला नाय, तर सुपरवायझर म्हणला लई उशीर झाला, अन् त्यानं स्क्रू चालू केला. भानुदास पळत आला, "वैनी!" एवढंच म्हणला अन् मला ढकललं. फाटदिशी आवाज झाला, थिजलेला गोळा सुटून समोरच्या पत्र्यात घुसला, अन् मागचं तापलेलं प्लास्टिक त्याच्या उजव्या हातावर. तो ते ओढाया लागला, संगं कातडी यायला लागली, मी त्याचा हात नळाखाली धरला, पण माझ्या तोंडातून आवाजच निघंना. घरी आले तरी निघंना. लई दिवस निघंना.

सुपरवायझरला काढलं. भानुदासची आखडलेली बोटं काय उघडली नाय.

परवा त्याच्यासाठी पोरगी बघायला अजिंठ्याकडं गेलो. पोरीच्या बापानं इचारलं, हाताला काय झालं? तो म्हणला, मशीनवर भाजलं. माझं नावबी घेतलं नाय हो. मग मीच म्हणलं, माझ्यापायी भाजलं, डायसमोर मी उभी होते. मला वाटलं, मोडली सोयरीक. पोरगी चहा घेऊन आली, कप तेवढा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

जमलं बघा. मशीन सुरू व्हायच्या टायमाला मी अजून डायपासून लांब सरकते, पण कामाला तर जावंच लागतं. त्या दोघांचं चांगलं व्हावं, आणखी काय मागू.