दादाची रायफल डावीकडे जाते

त्या शनिवारी इथे परदेशात, सेरंगूनच्या मॉलमध्ये मी नेहमीसारखी कोथिंबीर निवडत होते, तेव्हा गावाहून दिराचा फोन आला.

"वहिनी, दादाची रायफल कामातून गेली. दसऱ्यापर्यंत ठीक होती. आता डुकरावर नेम धरला की गोळी डावीकडे जाते. विकून टाकतो."

नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी जवळजवळ ओरडलेच, "भावजी, रायफल विकायची नाही!"

शेजारची बाई ट्रॉलीसकट मागे सरकली.

मी आवाज खाली आणला. "नळी आणि खालचं लाकूड यांच्या फटीतून कागद सरकवून बघा. नळी कुठे टेकली की नेम चुकतो, असं तुमचा दादा सांगायचा."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "अडकला हो! थांबा, काहीतरी निघतंय... वहिनी, तांदूळ आहेत. कुंकवाचे."

"शस्त्रपूजेला अक्षता किती वाहिल्यात?"

"दादाची रायफल म्हणून मूठभर वाहिल्या."

दोघंही पोटभर हसलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी चालवली होती का हो?"

"नाही. तुमचा दादा शिकवणार होता. ते राहून गेलं."